थोरल्यांचे नाक आणि मी

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यातल्या एका अक्षरावरही तुम्ही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. आजवर कोणी ठेवला आहे? माझ्या शेजारी खिळ्याला एक नरसाळे टांगलेले असते. मी तोंड उघडायच्या आतच ते म्हणते, "झाली सुरुवात." पण मित्रांनो, नरसाळ्याचे काय मनावर घ्यायचे! ज्याच्या पोटात थेंबभर काही टिकत नाही, त्याने दुसऱ्याच्या खऱ्याखोट्याची उठाठेव करू नये.

तर ऐका. माझा जन्म एका बुडालेल्या जहाजाच्या पत्र्यातून झाला. ते जहाज इतके लांबलचक होते, की पुढच्या टोकाला पाऊस पडत असला तरी मागच्या टोकाला खलाशी कपडे वाळत घालत. समुद्राच्या तळाशी माशांनी घासूनपुसून लख्ख केलेला तो पत्रा...

"तुझ्या बुडावर कारखान्याचा शिक्का आहे," नरसाळे म्हणाले.

असो. कारखान्यातही आलो असेन. तिथून आम्ही तीन भाऊ एकदम बाहेर पडलो. तिघांची उंची सारखी, कड्या सारख्या, झाकणे सारखी, रंगही तोच, शेवाळ्यासारखा हिरवा. आम्हाला आई असती, तर तीसुद्धा एकाला दोनदा जेवायला वाढून दुसऱ्याला उपाशी ठेवती.

आम्हाला विकत घेतले थोरल्यांनी. थोरले म्हणजे या मळ्याचे मालक. फळझाडांची बाग, त्यापलीकडे नांगराची जमीन आणि अंगणाच्या कडेला कोंबड्यांची पिले वाढवायची लांबट खोली, असा त्यांचा पसारा. सगळे त्यांना थोरले म्हणत. त्यांना धाकटा भाऊ कधीच नव्हता. मग ते थोरले कोणाचे, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

दुकानदार त्यांना म्हणाला होता, "तीन रंगांचे घ्या हो. उद्या घोटाळा व्हायला नको."

"घोटाळा डोळ्यांचा होतो," थोरले म्हणाले. "माझं काम नाकावर चालतं."

मित्रांनो, ही बढाई नव्हती. असे नाक पुन्हा होणे नाही. आमच्यातला एक भाऊ ट्रॅक्टरसाठी डिझेल सांभाळू लागला. तो जडशीळ, तेलकट आणि अबोल. दुसऱ्यात पिलांच्या शेगडीसाठी रॉकेल असे. आणि मी पेट्रोलचा. बागेतले गवत कापायचे यंत्र आणि फवारणीचा पंप माझ्यावर चाले. मी तापट, चटकन उडून जाणारा, सगळ्यात धोक्याचा, आणि म्हणून, माझ्या मते, सगळ्यात लाडका.

रोज सकाळी थोरले कमरेची किल्ली काढून आमच्या खोलीचे कुलूप उघडत. दार जरा कुरकुरे. आत आले की ते आमच्यापुढे उकिडवे बसत, माझे झाकण अर्धाच आटा सैल करत, वाकत, एक लहानसा श्वास घेत आणि म्हणत, "हं. तू होय."

बस. एवढेच. पण काय सांगू तुम्हाला! डिझेललाही ते हेच म्हणत, रॉकेललाही हेच. मात्र तिथे ते दूरच्या पाहुण्याला "बसा" म्हणावे तसे असे. मला म्हणताना त्यांच्या मिशीच्या एका कोपऱ्यात हसू येई. घरातल्या खोडकर पोराने दाराआडून डोकावावे आणि बापाने न बघताच त्याला ओळखावे, तसे. साऱ्या जगाला आम्ही तिघे सारखे होतो. एकाच माणसाला मी मी होतो.

(आता हे ऐकून कोणी पेट्रोलला नाक लावायला जाऊ नका. डोके धरते, छातीला बाधते. थोरल्यांना हे कोणी सांगितले नाही, कारण थोरल्यांना कोणी काहीच सांगत नसे.)

त्यांच्या नाकाच्या कथा तर पंचक्रोशीत प्रसिद्ध होत्या. वारा इकडचा असला, की पलीकडच्या टेकडीमागे कोणाच्या ट्रॅक्टरच्या टाकीचे झाकण उघडे राहिले आहे, हे ते अंथरुणात पडून सांगत. एकदा पेट्रोल पंपावरून मला भरून आणल्यावर त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "भरणाऱ्यानं लसूण खाल्लाय, आणि बायकोशी भांडून आलाय." चौकशी केली. दोन्ही खरे निघाले.

"लसणाचं खरं होतं," नरसाळे म्हणाले.

ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्री एकदा पैज लावूनच आले. त्यांनी थोरल्यांच्या डोळ्यांवर पंचा बांधला, आम्हा तिघांना उलटसुलट फिरवले आणि म्हणाले, "हां थोरले, आता दाखवा नाकाचा पराक्रम."

थोरले एकेकापुढे वाकत गेले. "हा डिझेल. हा रॉकेल. हा माझा पेट्रोल. आणि हे चौथं काय?"

"चौथं काही नाही," मिस्त्री म्हणाले.

"आहे की. खोबरेल तेल आहे. शिळं. डोक्याला लावायच्या आधी बाटलीवरची तारीख बघत जा."

मिस्त्री अंगणभर स्वतःचे केस हुंगत फिरले. पुन्हा पैज लावली नाही.

पण मित्रांनो, या नाकाची दुसरीही बाजू होती. थोरले घरी नसले की मळा ठप्प. त्यांचा मुलगा ट्रॅक्टरवर बसून पाय हलवत राही. गवत यंत्रापुढे माजत जाई. कारण कोणत्या डब्यात काय आहे, हे दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हते. थोरल्यांना यात काही खटके असे नाही. उलट बाहेरगावाहून परतताना ते फाटकापाशीच विचारत, "अडलं ना काम?" आणि "हो, अडलं" असे उत्तर मिळाले की मिशीचा तोच कोपरा हलत असे. मीही तेव्हा मनातून फुगत असे. उन्हात तर मी खरोखरच फुगतो. माझ्या पोटात वाफ कोंडते. म्हणून मला गळ्यापर्यंत भरायचे नसते, वर थोडी जागा सोडायची असते. माणसांनाही हा नियम लावायला हवा होता.

मग घरात सूनबाई आली. लग्नाआधी ती एका औषधाच्या दुकानात कामाला होती. तिथे कापसाच्या गुंडाळीवरसुद्धा नावाची चिठ्ठी असे. पहिल्याच आठवड्यात ती आमच्या खोलीत आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि आम्हा तिघांकडे बघत राहिली.

"बाबा, यात काय आहे?"

"पेट्रोल."

"आणि यात?"

"रॉकेल."

"कशावरून?"

"नाकावरून."

"आणि तुम्ही घरी नसाल तेव्हा?"

"तेव्हा मी येईपर्यंत थांबायचं."

सूनबाई म्हणाली, "आमच्या दुकानात खोकल्याचं औषध आणि फरशी पुसायचं औषध एकाच रंगाचं होतं. मालकांचं नाक काही लहान नव्हतं, बाबा. तरी ते बाटलीवर नाव लिहायचे."

"तुमच्या मालकांचं नाक दाखवायचं असेल," थोरले म्हणाले. "माझं चालवायचं आहे."

ती रागावली नाही, खळखळून हसली. आणि तिथेच दोघांचे जमले. पिलांची खोली तिने हाती घेतली. कोणते पिलू सुस्त आहे, कोणत्या कोपऱ्यात गारवा शिरतो, हे तिला दारातूनच कळे. थोरले तिच्यासाठी रॉकेल घेऊन जात आणि तिचे कौतुक तिच्यामागे करत. पण अधूनमधून ती विचारायचीच, "बाबा, डब्यांना रंग आणू का? नावं घालू?"

"घराला लाव रंग," थोरले म्हणत. "पोपडे निघालेत."

आणि मी? मी मनातल्या मनात म्हणायचो, बरोबर! मला कशाला हवी चिठ्ठी? चिठ्ठी अनोळखी माणसांना लागते.

मग त्या थंडीत थोरले तापाने आडवे झाले. बरेच दिवस आमचे दार उघडलेच नाही. किल्ली त्यांच्या उशाखाली होती आणि ती मागायची कोणाला हिंमत नव्हती. रोज सकाळी फटीतून उजेडाची रेघ आत यायची, जमिनीवरून सरकत माझ्या बुडापर्यंत पोचायची आणि परत जायची. वाट बघणे म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. लोखंड गंजते ते काही फक्त ओलीने नव्हे.

एका सकाळी दार कुरकुरले. थोरले आले. गाल बसलेले, अंगात जाडजूड स्वेटर. माझ्यापुढे बसले. झाकण सैल केले, वाकले, श्वास घेतला.

मी वाट बघितली.

त्यांनी पुन्हा श्वास घेतला, यावेळी लांब. मग एक नाकपुडी दाबून. मग दुसरी. माणूस अंधारात भिंत चाचपतो तसे ते नाक माझ्या तोंडाशी चाचपत होते. मी होतो की तिथेच! अंगभर मीच होतो! पण "हं" नाही आणि "तू"ही नाही. ते डिझेलपाशी गेले, रॉकेलपाशी गेले, परत माझ्यापाशी आले. मग पालथ्या घातलेल्या खोक्यावर बसून राहिले. शेवटी त्यांनी माझे झाकण इतक्या हळू लावले, जसे झोपलेल्या माणसाच्या खोलीचे दार लोटावे.

थोरले हुशार माणूस. थोड्या वेळाने उठले आणि आम्हा तिघांतला एकेक थेंब तळहातावर घेतला. माझा थेंब गार लागला आणि बघता बघता उडून गेला. डिझेल तेलकट राहिले. रॉकेल दोघांच्या मधले. असे त्यांनी आम्हाला ओळखले आणि रांगेत लावले. दाराकडे डिझेल, मध्ये रॉकेल, भिंतीकडे मी. त्या दिवसापासून त्यांचे काम जागेवर चालू लागले. नाकावर नव्हे.

आणि हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. कोणी आसपास असले की ते पूर्वीसारखेच वाकत आणि मोठ्याने म्हणत, "हं. तू होय." शब्द तेच होते, मित्रांनो. पण आता त्यांना वास काही येत नव्हता, नुसते म्हणायचे म्हणून म्हणत होते. आपल्याला कोणी नावाने हाक मारावी आणि बघावे मात्र आपल्यामागच्या भिंतीकडे, तसे मला वाटे. एकटे असले की ते वाकतही नसत. कडी धरून उचलत आणि चालू लागत.

नरसाळ्याला सगळे ठाऊक होते. ते रोज म्हणे, "सांगायला हवं कुणाला तरी." पण नरसाळ्याचे कोण ऐकतो!

मग आमच्या खोलीत उंदीर झाले. थोरले औषध आणायला डॉक्टरांकडे गेले होते. घरात त्यांनी सर्दी आहे असे सांगितले होते, खरे कारण मला माहीत होते. ते निघताना मुलाने किल्ली मागितली आणि त्यांनी ती दिली, कारण उंदीर पोत्यांवर आले होते. मुलाने झटून काम केले. सगळे सामान अंगणात काढले, बिळे बुजवली, झाडलोट केली, सगळे परत आत लावले. घाम पुसत तो स्वतःशीच म्हणाला, "आता कसं देखणं दिसतंय!"

देखणे दिसत होते खरे. फक्त आता मध्ये मी होतो.

संध्याकाळी किल्ली थोरल्यांच्या कमरेला परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्यांतून नवी पिले आली. अंडे फोडून नुकतीच बाहेर पडलेली, मुठीत मावतील एवढी. बाहेर थंडीने गवत पांढरे पडले होते. सूनबाईने पिलांच्या खोलीतून हाक मारली, "बाबा, शेगडीतलं रॉकेल संपलंय! लवकर आणा, पिलं एकमेकांवर चढायला लागलीत!"

थोरले लगबगीने आले. सवयीने मधल्या डब्यापुढे वाकले. सूनबाईला अंगणातून दिसत होते, म्हणून मोठ्याने म्हणाले, "हं. तू होय." आणि मला उचलले. दुसऱ्या हातात नरसाळे.

अंगण ओलांडताना मी त्यांच्या गुडघ्याला आपटत होतो. आतले पेट्रोल झाकणावर थपडा मारत होते. ओळखा मला, थोरले. एकदा, फक्त एकदा. मी तो नव्हे.

पिलांच्या खोलीत गोल शेगडीभोवती पत्र्याचे कुंपण होते आणि त्यात चिवचिवाटाचा नुसता कल्लोळ. सूनबाई गुडघ्यांवर बसली होती. गरम शेगडीत काहीही ओतायचे नाही, असा तिचा नियम. म्हणून विझलेली शेगडी तिने आधी गार होऊ दिली होती. तिच्या हातात काड्यापेटी होती. थोरल्यांनी नरसाळे टाकीत खोवले आणि मला तिरके केले.

मित्रांनो, आता कान देऊन ऐका. त्याच क्षणी मी त्यांच्या हातातून अशी उडी मारली की छताला टेकलो, उंबऱ्यावर कोलांटी घेतली आणि घरंगळत अंगणात...

"काही नाही," नरसाळे म्हणाले. "तू गप्प होतास. माझ्यातूनच ओतलं गेलं ते."

खरे आहे. डब्याला तोंड असते, पण ते फक्त ओतायला. मी गप्प होतो. माझ्यातून पेट्रोलची धार शेगडीच्या टाकीत पडत होती आणि सूनबाईच्या बोटांत काडी होती.

"बाबा, थांबा."

"का? सांडलं?"

"हे पेट्रोल आहे."

थोरल्यांनी मला सरळ केले आणि हसले. "नाक कोणाचं आणि बोलतंय कोण! रॉकेल आहे. लाव काडी, पिलं गारठतायत."

सूनबाईने काडी पेटीत ठेवली, पेटी बंद केली आणि मूठ पाठीमागे नेली. "वास घ्या."

"घेतलाय मघाशी."

"माझ्यासमोर घ्या, बाबा."

थोरले वाकले. ते नाक पुन्हा माझ्या तोंडाशी आले. मी पोटात होता नव्हता तेवढा सगळा वास वर लोटला. मिस्त्रींची शपथ, ट्रॅक्टरची शपथ, लोटला! त्यांनी लांब श्वास घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आला, त्या थंडीत.

"रॉकेल," ते म्हणाले. पण आवाज त्यांचा नव्हता.

सूनबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, सकाळी दूध उतू जाऊन करपलं. अख्खं घर अजून वासानं भरलंय. तुम्ही स्वयंपाकघरात शेजारीच बसला होता. मला वाटलं, तुमचं लक्ष नव्हतं."

थोरल्यांनी मला खाली ठेवले. पिले तेवढी बोलत होती.

"कधीपासून?"

"तापातून उठलो तेव्हापासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर काय राहिलं असतं माझ्याकडे?" थोरले म्हणाले. "इथं माझी गरज कशाला आहे? ट्रॅक्टर तो चालवतो. पिलं तू बघतेस. माझं एक नाक होतं."

आणि मग त्यांची नजर तिच्या पाठीमागच्या मुठीकडे गेली. काड्यापेटीचा कोपरा दिसत होता. ते मटकन खाली बसले. "सूनबाई," ते म्हणाले, "तू लावली असतीस ना काडी. मी लाव म्हणालो होतो."

"लावली नाही ना," ती म्हणाली. "चला, उठा. ही शेगडी आधी बाहेर मोकळ्या हवेत. दारं-खिडक्या सताड उघडा. मी पिलं स्वयंपाकघरात नेते. उठा बाबा, रडायला नंतर वेळ काढू."

पिले खोक्यांत घालून, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवून, स्वयंपाकघरात मुक्कामाला गेली. अंगणात मुलगा धावत आला आणि काय घडले ते ऐकून पांढराफटक पडला. त्याने हात पुढे केला. "बाबा, ती किल्ली द्या इकडे."

थोरल्यांनी वाद घातला नाही. किल्ली कमरेची काढली. सगळा मळा जिच्यावाचून अडायचा, ती माझ्या खोलीची किल्ली. ती देताना त्यांचा हात एवढा हलका झालेला मी कधी बघितला नव्हता.

"ती त्यांच्याकडेच राहील," सूनबाई म्हणाली.

"अगं, तू आत्ता जळाली असतीस!"

"डबे कोणी हलवले?"

"मी. उंदरांसाठी. पण मला काय ठाऊक कोणता कुठला? तिन्ही सारखेच तर आहेत!"

"तेच तर," सूनबाई म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. "बाबा, मी रंग आणते. पण नावं तुम्ही घालायची. इंधनाची खोली तुमची आहे."

"माझं अक्षर म्हणजे कुत्र्या-मांजराचे पाय," थोरले पुटपुटले.

"माहीत आहे. म्हणून मोठं लिहा."

त्या दुपारी उन्हात आम्हा तिघांना रांगेने बसवले. थोरल्यांनी आधी प्रत्येकाचा थेंब तळहातावर घेऊन खात्री केली. मग मला लाल रंग लागला, डिझेलला पिवळा, रॉकेलला निळा. वाळल्यावर थोरल्यांनी कुंचला घेतला आणि माझ्या पाठीवर एक हात ठेवून दुसऱ्याने लिहायला लागले. "पे" एवढा मोठा काढला की शेवटच्या "ल"ला जागाच उरली नाही. तो माझ्या खांद्यावर चढून बसला. झाकणावर मात्र सूनबाईने लिहू दिले नाही. "झाकणं एकमेकांची बसतात, बाबा. नाव अंगावर हवं." फवारणीच्या पंपाला लागणाऱ्या, तेल मिसळलेल्या पेट्रोलसाठी वेगळा छोटा डबा आला, त्यालाही नाव. भरल्याची तारीख लिहिलेली पट्टी कडीला. आणि आम्ही पिलांच्या खोलीपासून दूर, सावलीच्या फळीवर, ज्याची त्याची जागा ठरवून.

मग मळा असा चालू लागला की पूर्वी कधी चालला नव्हता. थोरले बाहेरगावी गेले तरी ट्रॅक्टर निघे. मिस्त्री आले आणि म्हणाले, "काय थोरले, नाक निवृत्त झालं म्हणे?"

"हो," थोरले म्हणाले. "आता डोळ्यांना कामाला लावलंय. फुकट खात होते."

सगळे चांगले झाले, मित्रांनो. यात माझी काही तक्रार नाही. त्या काडीची आठवण झाली की माझ्या पत्र्यावर आजही शहारा येतो.

पण दारातूनच सगळे मला वाचत. मुलगा वाचे, सूनबाई वाचे, मिस्त्री चष्मा लावून वाचत, आणि थोरलेही वाचत. वाकायची गरज कोणाला उरली नाही. चांगली चिठ्ठी तीच, जी दुरून वाचता येते. ते बरोबरच आहे. मात्र जी वस्तू दुरून वाचता येते, तिच्याजवळ कोणी येत नाही. आता सारे जग मला ओळखत होते, आणि मला सारखी आठवण येई ती एका लहानशा श्वासाची.

मग वय झाले. माझ्या सांध्यात गंज धरला. एके दिवशी फळीवर माझ्याखाली ओलाव्याचे गोल कडे सूनबाईला दिसले. तिने मला लगेच रिकामे केले, मोकळ्या हवेत उघडे ठेवून वाळवले, आणि थोरल्यांनी माझ्या नावावर आडवी रेघ मारून खाली लिहिले, "रिकामा. भरू नये." माझ्या जागी तोटीचे झाकण असलेला नवा लाल डबा आला. मुलगा मला भंगारात द्यायला निघाला होता. थोरले म्हणाले, "राहू दे." तेव्हापासून मी इथे सगळ्यात वरच्या फळीवर आहे, नरसाळ्याच्या शेजारी.

तर मित्रांनो, तुमच्या घरी, शेतावर, गोठ्यात कुठेही असा डबा असेल तर आजच त्याच्या अंगावर नाव घाला. रंग वेगळा द्या. आग आणि मुले यांच्यापासून लांब ठेवा. पेट्रोल कधी पाण्याच्या बाटलीत भरू नका आणि गरम शेगडीत काही ओतू नका. आणि घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे डोळे, कान किंवा नाक गेले असेल, तर त्याला हळूच विचारा. तो आपण होऊन सांगणार नाही.

माझी काळजी मात्र करू नका. माझे उत्तम चालले आहे. कारण थोरल्यांचे नाक परत आले! हो तर! एका सकाळी त्यांना अशी शिंक आली की बागेतली कच्ची फळेसुद्धा पिकून खाली पडली, आणि नाक खाडकन उघडले. पूर्वीपेक्षा दुप्पट तेज. आता ते रोज येतात, खोक्यावर चढून मला खाली घेतात, झाकण उघडून वाकतात, आणि माझा वास थेट त्यांच्या काळजापर्यंत...

"थाप!" नरसाळे खिळ्यावरून ओरडले. "साफ थाप! नाक परत आलेलं नाही त्यांचं. आणि तुझ्या पोटात वास तरी कुठे उरलाय? काही येत नसतं त्यांना. तरी रोज येतात, तुला खाली घेऊन वाकून बसतात थोडा वेळ, एवढंच."